वेसाव्याच्या मावशीकडचे सुके बोंबील

मी देवगडची, राहते अंधेरीला. पावसाळ्याची बेगमी मे महिन्यातच झाली पाहिजे, ही आमच्या घरची रीत. गेल्या वर्षी गुडघ्याने दगा दिला, म्हणून एका ॲपवरून सुके बोंबील मागवले. पाकीट फोडलं तर बोंबील दमट, लालसर, अंगावर मिठाचा थर. मीठ ओल धरून ठेवतं, म्हणजे पाण्याचेही पैसे मोजले! सगळे फेकावे लागले.

यंदा स्वतः वेसाव्याला, म्हणजे वर्सोव्याला गेले. मेट्रोच्या वर्सोवा स्टेशनवरून रिक्षाने कोळीवाड्यात. तिथल्या कोळीण मावशीच्या दुकानाला पाटी नाही. घरापुढे दोन टोपल्या, एक ताजवा, आणि मागे खळ्यात मासे वाळवायच्या बांबूच्या वलांड्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकलेली. गाठ नाही, दोरा नाही; दातांनी दात धरलेले. मीठ अजिबात लावत नाहीत, नुसतं ऊन आणि खारा वारा. मावशीने एक बोंबील माझ्यासमोर मोडला. काडकन मोडला आणि वास अगदी स्वच्छ आला. दुसऱ्या टोपलीला मी हात घातला तर म्हणाली, "ती नको घेऊ गो बाय, तिच्यावर पाऊस शिंपडलाय." इतकं सरळ सांगणारा दुकानदार मला शहरात भेटलेला नाही.

अर्धा किलोचे साडेतीनशे रुपये घेतले. महाग वाटत असेल तर हिशोब बघा. ओल्या बोंबलात पाणीच जास्त, कित्येक किलो वाळवावे तेव्हा किलोभर हाती लागतो. बोंबील येतो डोलीत, म्हणजे समुद्रात एका जागी बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात. डोल भरतीओहोटीच्या ओढीवर चालते, त्यामुळे उधाणाला मासा बरा, भांगाला (ओढ मंद असते तेव्हा) कमी. वाळत घातल्यावर एक अवकाळी सर आली की सगळी मेहनत गेली. आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत घर चालतं ते बायांनी मेपर्यंत वाळवून ठेवलेल्या मालावर. म्हणून मी घासाघीस केली नाही, तुम्हीही करू नका.

जवळाही घेतला, छान आहे, पण थोडी वाळू निघाली; नीट पाखडून घ्या. सोडे (सोललेली सुकी कोळंबी) संपले होते. बिल मिळत नाही, बांधून देतात वर्तमानपत्रात, तेव्हा झाकणाचा डबा न्या नाहीतर अख्ख्या मेट्रोला कळेल. फोनवरून पैसे चालतात. सकाळी दहाच्या आत जा, नंतर मावशी टोपली घेऊन बाजाराला निघते.

मे अर्धा सरायच्या आत जाऊन या. त्यानंतर आतल्या खोलीत डब्यांत भरलेला माल दिसेल, पण तो मागू नका. तो त्यांच्या जून-जुलैचा आहे.