डीएलसी कोटिंग: सात महिन्यांचा अनुभव, त्यात एक भांडण

कुपवाड एमआयडीसीत आमचा छोटा प्रेस शॉप आहे. अ‍ॅल्युमिनियमची झाकणं ड्रॉ करतो, म्हणजे पंचानं पत्रा साच्यात दाबून काढतो. अ‍ॅल्युमिनियम पंचाला कसं चिकटतं ते या धंद्यातल्यांना सांगायला नको. पूर्वी चार-पाचशे नगांमागे प्रेस थांबवून पंचाला पॉलिश पेपर मारायचो. डीएलसी (हिऱ्यासारख्या कडक कार्बनचा काळा थर) केल्यावर पहिल्या पंचाला सात महिन्यांत एकदाही मारला नाही. तोपर्यंत हा रिव्ह्यू पाच स्टारचा होता.

दुसरा पंच अकराव्या दिवशी सोलला.

कोटिंगवाल्याला फोन करून नको ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, कुठं सोललंय ते एकदा भिंगातून बघा." बघितलं. पंचाच्या तोंडावर पार्टीचं नाव स्पार्कनं (विजेच्या ठिणग्यांनी) कोरलंय, तेवढ्या अक्षरांतच काळं गेलेलं. बाजूच्या ग्राइंडिंग केलेल्या भागावर ओरखडासुद्धा नाही.

कारण आमच्याच टूलरूममध्ये निघालं. स्पार्कनं वितळलेलं पोलाद वर परत गोठतं, त्याचा ठिसूळ, बारीक तड्यांचा थर राहतो. पहिल्या पंचाची अक्षरं आमच्या पॉलिशवाल्या मामांनी दोन दिवस बसून घासली होती. दुसऱ्या वेळी त्यांचे आठशे रुपये मी वाचवले. पोपडे धरलेल्या भिंतीला रंग दिला, दुसरं काय!

त्यात डीएलसीला स्वतःचाच ताण असतो. थर दोन-तीन मायक्रॉनचा, पण आतून कित्येक गिगापास्कलनं दाबलेला. पकड सुटली की उचकटतोच. म्हणून खाली क्रोमचा थर देतात, त्याआधी आर्गॉनच्या आयनांनी जॉब साफ करतात. हे सगळं त्यानं केलं होतं. पण क्रोम बसला तो आमच्या कच्च्या कातडीवर, आणि ती कातडीच निघाली.

तरी माझा राग पूर्ण गेलेला नाही. जॉब आत घेताना बघायचं कुणी? पैसे मोजताना बरं बघतात! जुना थर उतरवायचे वेगळे लावले, नव्याचे पूर्ण घेतले, वर जाण्यायेण्याचं भाडं माझं.

आता प्रत्येक लॉटबरोबर त्याच डी-टू टूल स्टीलचा, त्याच हार्डनिंगचा तुकडा चाचणीसाठी पाठवतो. तोही पाचशे डिग्रीच्या वर दोनदा टेंपर केलेला (हार्डनिंगनंतर परत तापवलेला). कमी डिग्रीवर टेंपर केलेला माल कोटिंगच्या भट्टीत मऊ पडू शकतो. तुकडा परत आला की आपल्याच कडकपणा मोजायच्या रॉकवेल मशीनवर दीडशे किलोनं 'सी' स्केलचा ठसा मारायचा आणि कडेला भिंग लावायचं. केसासारख्या चिरा चालतात. ठशाभोवती थर उडून पोलाद उघडं पडलं तर लॉट परत.

तीन स्टार देतोय. चौथा मामांचा आहे, तो कोटिंगवाल्याला मिळणार नाही. तिसरा पंच शुक्रवारी येतोय. पिशवीत तुकडा नसला तर चलनावर सही करणार नाही.