कसाने ते व्हिक्टोरिया फॉल्स: भाड्याची गाडी सीमेपार न्यावी, की अलीकडेच ठेवावी?

बोट्स्वानात भाड्याच्या गाडीने चोबे राष्ट्रीय उद्यान पाहून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. व्हिक्टोरिया फॉल्स, म्हणजे धबधब्याशेजारचं त्याच नावाचं झिम्बाब्वेतलं गाव, चोबेजवळच्या कसाने गावापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर आहे आणि गाडी दाराशी उभी आहे. तीच घेऊन काझुंगुला नाक्यावरून झिम्बाब्वेत शिरावं, की ती कसानेला ठेवून, सीमा पायी ओलांडून, ट्रान्स्फरवाल्यांबरोबर, म्हणजे प्रवाशांची ने-आण करणाऱ्यांच्या गाड्यांनी, जावं? दोन्ही मार्गांनी रोज लोक जातात आणि सुखरूप पोचतात. माझा कल गाडी अलीकडे ठेवण्याकडे आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना तराजू कुठे कलतो आहे ते लक्षात राहील.

व्हिसाचा मुद्दा दोन्हीकडे सारखाच, म्हणून तो आधी बाजूला करू. झिम्बाब्वेत मुक्काम करून परत बोट्स्वानात यायचं असेल तर बोट्स्वानात दुसऱ्यांदा शिरता येईल असा व्हिसा हवा. काझा युनिव्हिसा पात्र पासपोर्टधारकांना ५० डॉलरमध्ये झाम्बिया आणि झिम्बाब्वे मिळून ३० दिवस देतो. त्यावर बोट्स्वानात फक्त सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येतं, तिथे रात्र काढता येत नाही. गाडी दक्षिण आफ्रिकेतून घेतलेली असेल आणि तिथेच परत करायची असेल, तर त्या देशाचा व्हिसाही एकाहून जास्त प्रवेशांचा लागतो.

खरा फरक गाडीमुळे पडतो. दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना, नामिबिया, लेसोथो आणि एस्वाटिनी हे पाच देश एकाच सीमाशुल्क संघात आहेत. हा संघ १९१० सालच्या करारातून उभा राहिला. त्यामुळे जोहान्सबर्गची गाडी बोट्स्वानात नेणं तुलनेने सोपं असतं: कंपनीचं पत्र दाखवायचं, रस्त्याचं शुल्क भरायचं आणि पुढे निघायचं. हीच सवय घेऊन माणूस काझुंगुलाला येतो आणि तिथे चकित होतो. झिम्बाब्वे या संघाबाहेर आहे. तिथल्या कस्टम्सच्या लेखी तुमची गाडी म्हणजे तात्पुरता आयात केलेला माल आहे, आणि आयात करणारे तुम्ही, भाड्याने देणारी कंपनी नव्हे. परमिट तुमच्या नावावर निघतं. गाडी ठरलेल्या मुदतीत देशाबाहेर गेल्याची नोंद तुम्हालाच करून घ्यावी लागते. म्हणून गाडी तिकडे बंद पडली, तर ती तशीच सोडून विमानाने घरी जाणं इतकं सरळ राहत नाही.

गाडी न्यायचीच असेल तर काम सीमेच्या कितीतरी दिवस आधी सुरू होतं. आधी कंपनी झिम्बाब्वेला परवानगी देते का ते विचारावं, कारण काही कंपन्या देतच नाहीत आणि काही ठरावीक प्रकारच्या गाड्यांनाच देतात. परवानगी असेल तर सीमापार जाण्याचं वेगळं शुल्क आणि एक पत्र. त्या पत्रात गाडीचा नंबर, चासी नंबर, इंजिन नंबर, चालकाचं नाव, पासपोर्ट नंबर, देशांची नावं आणि तारखा असाव्या लागतात. सोबत नोंदणीपत्राची प्रमाणित प्रत आणि गाडीच्या मागे देशाच्या संकेताक्षरांचं स्टिकर.

चुका होतात त्या नेहमी याच जागी. गाडी घेताना काउंटरवर ऐनवेळी दुसरी गाडी मिळते आणि पत्रावर जुन्या गाडीचा नंबर राहतो. दुसऱ्या चालकाचं नाव करारात असतं, पत्रात नसतं. परतीची तारीख एका दिवसाने कमी पडते. किंवा देशांच्या यादीत झाम्बिया असतं आणि झिम्बाब्वे नसतं, कारण लिहिणाऱ्याला ‘व्हिक्टोरिया फॉल्स’ एवढंच सांगितलेलं होतं आणि धबधबा दोन्ही देशांत आहे. म्हणून किल्ली हातात घेण्याआधी पत्रातला चासी नंबर गाडीवरच्या नंबरशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहावा. पाच मिनिटांचं काम आहे, पण काझुंगुलाला त्या पाच मिनिटांना पर्याय नसतो.

आता नाक्यावरचा क्रम. बोट्स्वानातून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का आणि गाडीची नोंद, इथे फार वेळ जात नाही. झिम्बाब्वेच्या बाजूला गाडी उभी करून इमारतीत शिरलं की आधी इमिग्रेशन: फॉर्म, व्हिसाचे पैसे, शिक्का. पायी आलेल्याचं काम इथे संपतं. गाडीवाल्याचं इथून सुरू होतं. कस्टम्सच्या खिडकीवर तात्पुरत्या आयातीचं परमिट, इंजिनच्या क्षमतेनुसार कार्बन टॅक्स, रस्ता वापरण्याचं शुल्क, आणि झिम्बाब्वेत चालणारा थर्ड पार्टी विमा. गाडीचा स्वतःचा विमा कितीही तगडा असला तरी हा वेगळा घ्यावाच लागतो. प्रत्येक रकमेची पावती स्वतंत्र असते आणि यातली एकही टाकून द्यायची नसते.

माझ्यापुरता निकाल लावला तो या सगळ्यापेक्षा एका क्षुल्लक चिठ्ठीने. तिला गेट पास म्हणतात. नाक्यात शिरताना हा कागदाचा चिटोरा हातात पडतो, त्यावर गाडीचा नंबर आणि माणसांची संख्या लिहिलेली असते. प्रत्येक टप्प्यावर त्यावर शिक्का घ्यायचा आणि शेवटी फाटकावरच्या माणसाला तो द्यायचा, मग आडवा दांडा वर जातो. एक शिक्का राहिला तर दांडा हलत नाही. मग गाडी वळवा, पुन्हा उभी करा, पुन्हा त्याच रांगेत जा, आणि तोवर त्या रांगेत एखाद्या टूर बसचे चाळीस प्रवासी उभे राहिलेले असतात. गंमत अशी की कोणता शिक्का कुठे घ्यायचा हे लिहिलेलं नसतं आणि खिडकीमागचा माणूस आपण होऊन सांगेलच असं नाही. पैसे भरल्याच्या सगळ्या पावत्या हातात असल्या तरी चिठ्ठीवरची रिकामी जागा भरत नाही. हे ओळखून असणारे मदतनीस आवारात घिरट्या घालत असतात आणि ‘मी करून देतो’ म्हणत पासपोर्ट मागतात. तो देऊ नये. मदत हवीच असेल तर कागद आपल्याच हातात ठेवून फक्त खिडक्या दाखवायला सांगावं.

यात नेमका किती वेळ जातो हे कुणी आकड्यात सांगू शकणार नाही. सकाळी लवकर, रांग नसताना पाऊण तासात सुटका होऊ शकते. बसेस आल्या की अर्धा दिवस गेल्यासारखा वाटतो. पायी जाणाऱ्याला मात्र एकच रांग असते, आणि खटकतो तो हाच फरक. शिवाय तो परतीलाही चुकत नाही. बाहेर पडताना परमिट परत करून नोंद बंद करावी लागते, आणि गाडीची नोंदणी बोट्स्वानाबाहेरची असेल तर बोट्स्वानात शिरताना तिथलं शुल्क पुन्हा भरावं लागतं.

पैशांबद्दल थोडं. झिम्बाब्वेत २०२४ पासून झिग हे नवं चलन असलं तरी परदेशी माणसाचे व्यवहार अमेरिकी डॉलरमध्येच होतात. सुट्टे मिळतील हे गृहीत धरू नये. १, ५, १० आणि २० च्या नोटा भरपूर ठेवाव्यात, फाटलेल्या किंवा शाई लागलेल्या नोटा घरीच ठेवाव्यात. गाडीवाल्याला व्हिसा धरून चार-पाच वेगवेगळ्या रकमा द्यायच्या असल्याने सुट्ट्यांची चणचण त्यालाच जास्त जाणवते. पेट्रोल कसानेलाच भरावं, पलीकडे ते महाग पडतं.

सीमेपुढचा रस्ता डांबरी आणि सरळ आहे, पण दोन्ही बाजूंना जंगल आहे. हत्ती, म्हैस, हरणं रस्त्यावर येतात आणि अंधारात हत्ती दिव्यांच्या उजेडात फार उशिरा दिसतो. भाड्याच्या कितीतरी करारांत रात्री गाडी चालवण्याला बंदी असते, आणि रात्री झालेल्या अपघाताला विमा नाही असंही लिहिलेलं असतं. म्हणजे नाक्यावर उशीर झाला की पुढचा तासभर करार मोडून जायचं, की नाक्याजवळच कुठेतरी थांबायचं, असा पेच पडतो. पोलिसांची तपासणी हा आणखी एक भाग. त्यांना गाडीत दोन परावर्तक त्रिकोण, चालू स्थितीतलं अग्निशामक नळकांडं, स्टेपनी, जॅक आणि पाना हवा असतो. भाड्याच्या साध्या गाडीत बहुधा एकच त्रिकोण असतो आणि अग्निशामक नसतोच. हे सामान गाडी घेतानाच मागून घ्यावं. कंपनी देत नसेल तर कसानेला पोचण्याआधीच्या मोठ्या गावात विकत घ्यावं. दंड झालाच तर पावती मागावी आणि ती मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

करारातलं एक कलम गाडी नेणाऱ्याने शब्दशः वाचावं: गाडी सीमेपलीकडे बंद पडली किंवा ठोकली गेली तर ती परत आणण्याचा खर्च कोणाचा? पुष्कळ करारांत तो भाडेकरूचा असतो, आणि बदली गाडी पलीकडे पोचवण्याची हमी नसते. जादा पैसे भरून घेतलेलं संरक्षण सीमेपार तसंच लागू राहतं की कमी होतं, हेही लेखी विचारून घ्यावं. तोंडी ‘हो हो, चालेल’ याला नंतर काही अर्थ उरत नाही.

एवढं करून गाडी व्हिक्टोरिया फॉल्सला पोचली की ती करते काय, तर हॉटेलच्या आवारात उभी राहते. गाव छोटं आहे. धबधब्याचं प्रवेशद्वार गावातून चालत जाण्याजोगं आहे आणि तिथून पुढे १९०५ सालचा पूलही चालत गाठता येतो. झाम्बियात शिरायचं नसेल, फक्त पुलावर जाऊन खाली दरी पाहायची असेल तर इमिग्रेशनमध्ये पुलापुरती चिठ्ठी मिळते. अंधार पडल्यावर मात्र पायी फिरू नये, हत्ती गावातही येतात. तेवढ्यासाठी टॅक्सी पुरते. नदीवरच्या बोटी, हेलिकॉप्टर यांचे आयोजक हॉटेलवरून घेऊन जातात आणि परत सोडतात. दोन-तीन दिवसांच्या मुक्कामात स्वतःच्या गाडीची गरज पडेल असं काम मला तरी आठवत नाही.

ट्रान्स्फरची पद्धत पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. कसानेची गाडी तुम्हाला नाक्यापर्यंत सोडते, शिक्के झाले की पलीकडे झिम्बाब्वेची दुसरी गाडी उभी असते आणि ती हॉटेलपर्यंत नेते. हा धंदा रोज करणारी माणसंही बहुधा आपली गाडी दांड्यापलीकडे नेत नाहीत. मला यातच बरंचसं उत्तर मिळतं.

पण या पर्यायाचं सगळंच गोड आहे असं नाही. कसानेला उभ्या गाडीचं भाडं चालूच राहतं, म्हणजे न वापरलेल्या दिवसांचे पैसे जातात. ट्रान्स्फरचं भाडं माणशी असतं, त्यामुळे चार-पाच जणांचं कुटुंब असेल तर गाडीचे सगळे कर आणि विमा धरूनही स्वतःची गाडी स्वस्त पडू शकते. वेळ त्यांची पाळावी लागते. सामान दोनदा चढवावं-उतरवावं लागतं, म्हणून तीन दिवसांची एक छोटी बॅग घेऊन बाकीचं लॉजवर ठेवणं उत्तम. आणि आरक्षण करताना नाक्यापलीकडची गाडी भाड्यात धरली आहे का, हे स्पष्ट विचारावं; कधीकधी दर फक्त नाक्यापर्यंतचा असतो.

गाडी नेणं योग्यच ठरतं अशा दोन परिस्थिती आहेत. एक, पुढे झिम्बाब्वेतच ह्वांगे अभयारण्य किंवा बुलावायो शहराकडे जायचं असेल. व्हिक्टोरिया फॉल्सपासून बुलावायो सव्वाचारशे ते साडेचारशे किलोमीटर, आणि तिथून प्लमट्रीच्या नाक्यावरून बोट्स्वानात परतता येतं. अशा फेरीतही नाक्यावरची कटकट तेवढीच होते, पण तिची वसुली पुढच्या आठवडाभरात होते. दुसरी, छतावर तंबू असलेली फोर बाय फोर घेऊन कॅम्पिंग करत फिरणाऱ्यांची; त्यांचं घरच गाडीवर असतं, ते मागे ठेवून जाणार कसं?

झाम्बियाच्या बाजूने, म्हणजे लिव्हिंगस्टन गावाहून धबधबा पाहायचा विचार असेल तर बोट्स्वानातून थेट झाम्बियात नेणारा, २०२१ मध्ये सुरू झालेला काझुंगुला पूल आहे. पूर्वी इथे तराफ्यावरून गाड्या नेत. ९२३ मीटरचा हा पूल झिम्बाब्वे आणि नामिबियाची हद्द टाळण्यासाठी मुद्दाम वळवून बांधला आहे. बोट्स्वाना आणि झाम्बिया या दोन्ही देशांची कार्यालयं एकाच छताखाली आल्याने इमारतींची संख्या कमी झाली, पण झाम्बियाही त्या सीमाशुल्क संघाबाहेर असल्याने परमिट, कार्बन टॅक्स आणि विमा इथेही चुकत नाहीत.

गाडी कसानेला ठेवायची ठरलीच तर जिथे आधी मुक्काम केला त्या लॉजला किंवा कॅम्पसाइटला विचारावं. परतीची रात्र तिथेच धरली असेल तर ते सहसा नाही म्हणत नाहीत. गाडीची मूळ कागदपत्रं काचेमागे न ठेवता लॉजच्या तिजोरीत द्यावीत. फ्रिज लावलेली गाडी असेल तर तो रिकामा करून बंद करावा, नाहीतर तीन दिवसांत बॅटरी बसते. झिम्बाब्वेतून परतताना बॅगेत कच्चं मांस किंवा दुधाचे पदार्थ आणू नयेत. लाळ्या-खुरकुताच्या भीतीने बोट्स्वानाच्या नाक्यावर ते काढून घेतात, आणि पायी आलेल्यालाही बुटांचे तळवे औषधाच्या पाण्यात बुडवावे लागतात. बॅगेतल्या जास्तीच्या बुटांचीही चौकशी होते, ते वर हाताशी ठेवावेत.