कृष्णेवरचा पूल: बॉक्स गर्डर की केबल-स्टेड?

सांगलीजवळ कृष्णेवर सव्वाशे मीटरचा मुख्य गाळा (दोन आधारांमधले अंतर) हवा असेल, तर निवड बहुधा कॅन्टिलिव्हर पद्धतीचा (खांबापासून दोन्ही बाजूंना खंडाखंडाने वाढवलेला) बॉक्स गर्डर, म्हणजे पोकळ पेटीसारख्या तुळईचा पूल, आणि केबल-स्टेड, म्हणजे उंच मनोऱ्यापासून तिरप्या केबलींनी तोललेला पूल, या दोहोंपाशी येऊन थांबते. मी दोन्ही प्रकारांवर काम केले आहे. एवढ्या अंतराला बॉक्स गर्डर स्वस्त पडतो, त्याचे अनुभवी कारागीर सहज मिळतात आणि देखभालही साधी असते, हे आधीच मान्य करतो.

माझा कल बदलला तो नदीपात्रातल्या एका पायरमुळे, म्हणजे पुलाच्या खांबामुळे. मुरमाचा भराव घालून आणि कडेने वाळूची पोती रचून आम्ही पायाचे काम चालवले होते. उन्हाळ्यात कृष्णा शांत असते, असे बाहेरच्या माणसाला वाटते. पण ताकारी-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांसाठी कोयना धरणातून पाणी सोडले की भर मार्चमध्येही पातळी चढते. एका रात्रीत भराव वाहून गेला, आणि पाणी ओसरल्यावर पाहतो तर सळ्यांच्या पिंजऱ्यात उसाचे पाचट, जलपर्णी आणि बोटभर गाळ. एकेक सळई तारेच्या ब्रशने घासण्यात आठवडा गेला, नवा भराव पडेपर्यंत मे उजाडला आणि अख्खा हंगाम हातचा गेला.

केबल-स्टेडमध्ये पायलॉन (केबलींचा मनोरा) काठाशी घेऊन डेक (रस्ता वाहणारा भाग) पाण्यावरून खंडाखंडाने पुढे नेता येतो. शिवाय बॉक्स गर्डर पायरपाशी सहा-सात मीटर खोल होतो, तर केबलवरचा डेक दोन-अडीच मीटरांत भागतो. तुळई जितकी खोल, तितका रस्ता पुराच्या पातळीपासून वर न्यावा लागतो. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. अशा ठिकाणी रस्ता जितका उंच न्यावा लागेल, तितका जोडरस्त्याचा भराव पुराच्या वाटेत उभा राहतो, ही मला मोठी बाब वाटते.

अर्थात केबल-स्टेड सोपा नाही. उन्हाने केबल आणि डेक सारखे तापत नाहीत, म्हणून डेकची पातळी पहाटे, सूर्य वर येण्याआधी मोजावी लागते; ती वेळ चुकली की त्या दिवशीच्या आकड्यांवर मी तरी केबल ताणत नाही. इटलीतल्या जिनोव्हात २०१८ मध्ये कोसळलेल्या पुलाच्या केबल काँक्रीटमध्ये बंद होत्या, त्यामुळे आतला गंज बाहेरून दिसत नव्हता. आता केबलमधला प्रत्येक स्ट्रँड (तारांचा पीळ) जस्तलेपित, मेण भरलेल्या वेगळ्या आवरणात असतो आणि एकेक बदलता येतो.

पात्रात खडक उघडा असेल, तर बॉक्स गर्डर घेण्यास माझी हरकत नाही. पायासाठी भराव घालणे अटळ असेल, तर मात्र जादा खर्च सोसून मी केबल-स्टेडच घेईन. फक्त अँकरेजपर्यंत, म्हणजे केबलचे टोक जिथे पक्के बसवतात तिथपर्यंत, माणूस हातात बॅटरी घेऊन पोहोचू शकेल इतकी जागा नकाशातच ठेवून घ्यावी.