दाढ काढायच्या आधी औषधं विचारणारा डेंटल दवाखाना

आईची दाढ आधी दुसरीकडे काढली होती, तिथे कोणी विचारलंच नाही की हाडांसाठी काही औषध चालू आहे का, आणि ती ५ वर्षं आठवड्याला एक अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी घेत होती. दोन महिने उलटून गेले तरी खड्डा भरेना, आत पिवळसर हाड उघडं दिसायचं, जिभेला टोचायचं, पू आणि वास वेगळाच. मग इथे आलो. डॉक्टरांनी तोंडात बघायच्या आधी औषधांची पिशवीच उघडायला लावली, मग नीट समजावलं की या गोळ्या हाडाची झीज थांबवतात पण जबड्याची जुनं काढून नवं हाड भरायची क्रियाही मंदावते, गोळ्यांवर हे क्वचितच होतं पण ८ आठवड्यांहून जास्त हाड उघडं राहिलं तर हलक्यात घ्यायचं नाही. घाईने कापाकापी केली नाही, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या, अँटिबायोटिक, सारखं बोलावून तपासणं, आणि उघड्या हाडाचा तुकडा आपोआप सुटा झाल्यावर अलगद काढला. आता हिरडी मिटलीये, आई भाकरी खाते. बाजूच्या काकूंना हाडांसाठीचं, दर ६ महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन मनाने बंद करू नका, मणका मोडू शकतो, असं बजावताना ऐकलं तेव्हा खूप विश्वास वाटला. वेटिंग फार आहे, अपॉइंटमेंट घेऊनही तासभर बसावं लागतं, ते मात्र सुधारायला हवं.