१९० की ४९१?

ऑस्ट्रेलियाच्या पीआरचा, म्हणजे कायमस्वरूपी वास्तव्याचा विषय निघाला की कुशल कामगारांच्या व्हिसाचे हे दोन आकडे येतातच. १९० मध्ये राज्याचं नॉमिनेशन (तिथल्या राज्य सरकारची शिफारस) मिळालं, व्हिसा लागला की पहिल्या दिवसापासून पीआर. ४९१ हा पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा. तीन वर्षं रिजनल भागात राहून, काम करून मग १९१ या कायमच्या व्हिसासाठी अर्ज करायचा, तेव्हा कुठे पीआर.

मग ४९१ घेतं कोण? ज्यांचं गाडं गुणांवर (वय, शिक्षण, इंग्रजी, अनुभव यांना मिळणाऱ्या) अडतं ते. १९० च्या नॉमिनेशनचे ५ गुण, ४९१ चे १५. स्वतःचे ६५ असतील तर एकीकडे ७०, दुसरीकडे ८०. अर्जाच्या आमंत्रणासाठीच्या रांगेत या दहा गुणांनी फार फरक पडतो.

‘रिजनल’ म्हटलं की आपल्याकडे लोकांना माळरान आणि मेंढ्याच दिसतात. प्रत्यक्षात सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून जवळपास सगळं त्यात येतं. पर्थ आणि ॲडलेडसुद्धा! जाच आहे तो वेगळाच: मेलबर्नमध्ये चांगली नोकरी चालून आली तरी हात चोळत बसायचं. शिवाय १९१ साठी तीन वर्षांच्या टॅक्स असेसमेंटच्या नोटिसा लागतात. त्या आणि भाडेकरार पहिल्या महिन्यापासून एका फाइलीत लावत जा.

नागरिकत्वासाठी मात्र दोघांनाही चार वर्षांचं कायदेशीर वास्तव्य लागतं, त्यातलं शेवटचं वर्ष पीआरवर. ४९१ वरची वर्षंही त्यात धरली जातात. १९० मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. पण नुसती त्याचीच वाट बघत चाळिशी ओलांडू नका. पंचेचाळिशीला दोन्ही दारं बंद.