पानाच्या आरपारचा उजेड: इंटिग्रेटिंग स्फिअर घ्यावा का?

नुसता हरितद्रव्याचा निर्देशांक हवा असेल तर लीफ क्लिप, म्हणजे पान चिमट्यात धरून मोजणारं छोटं उपकरण, पुरे. पान किती प्रकाश पलीकडे सोडतं हे मोजायचं असेल, तर मात्र इंटिग्रेटिंग स्फिअर, म्हणजे आतून पांढरा असलेला हा पोकळ गोळाच लागतो. 800 नॅनोमीटरला (डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात) पान जेमतेम 5 टक्के प्रकाश शोषतं. उरलेल्यातला साधारण निम्मा खालून निघतो, तोही चहूकडे विखरून. समोर नुसता सेन्सर धरला तर त्यातला थोडाच हाती लागतो.

दिवा 15-20 मिनिटं तापू द्यावा. मग तुलनेसाठीची पांढरी चकती, रिकामं पोर्ट (गोळ्याचं छिद्र), परावर्तन, पारगमन (पानातून पलीकडे गेलेला प्रकाश) अशी चार वाचनं. रिकाम्या पोर्टाचं वाचन म्हणजे भटका उजेड. कंटाळा करून बहुतेक जण हेच गाळतात आणि फसतात. लाल पट्ट्यात पानाचं परावर्तनच 5 टक्क्यांच्या आसपास; भटका उजेड 1 टक्का असला तरी आकडा पाचव्या हिश्श्याने फुगतो. 800 ला तोच दोष डोळ्यांत भरत नाही.

पानाने पोर्ट पूर्ण झाकायला हवं. गवतासारखी अरुंद पाती शेजारी शेजारी चिकटवताना 5 टक्के फट राहिली, तरी लालमधलं पारगमन दुपटीच्या वर जातं. परावर्तन आणि पारगमनाची बेरीज 1 च्या (100 टक्क्यांच्या) वर दिसली तर पान नाही, मांडणी चुकली आहे: बहुधा किरण पोर्टाच्या कडेला घासतोय किंवा चकती मळली आहे. जाड पानांत बेरीज कमी भरते, कारण थोडा प्रकाश पानातूनच आडवा निसटतो.

उणिवाही आहेत. गोळ्यात प्रकाश इतका वाटला जातो की सेन्सरकडे प्रकाश नेणाऱ्या फायबरपर्यंत थोडाच पोचतो. हॅलोजन दिव्यात निळा मुळातच कमी, त्यामुळे 450 नॅनोमीटरच्या खाली आलेख खरखरीत येतो. अनेक स्कॅनची सरासरी घ्यावीच लागते. बेरियम सल्फेटचा लेप बोट लागलं तरी खराब होतो. टेफ्लॉनसारख्या पदार्थाचा गोळा महाग, पण स्वच्छ करता येतो. परवडत असेल तर तोच घ्यावा.

नवा गोळा तपासायची सोपी युक्ती: पानाचा तुकडा पाणी भरलेल्या बिनसुईच्या सिरिंजमध्ये घालायचा, तोंड बोटाने दाबून दट्ट्या ओढायचा, सोडायचा. पेशींमधल्या हवेच्या जागी पाणी शिरतं, तुकडा गडद आणि अर्धपारदर्शक होतो. टिपून घेऊन पोर्टावर लावला की 800 ला परावर्तन घसरायला हवं आणि पारगमन वाढायला हवं. दोन्ही घसरली तर मांडणी, विशेषतः पारगमनाच्या बाजूचा दिवा, पुन्हा तपासावी.