एक दिवस, चार लोकेशन, चार ड्रेस: संभाजीनगरचं प्री-वेडिंग पॅकेज घ्यावं का?

सुपारी फुटली, तारीख निघाली की जालना, बीड, परभणीकडची मंडळी प्री-वेडिंगसाठी छत्रपती संभाजीनगर गाठतात. तिथल्या स्टुडिओत हमखास पुढे केलं जाणारं पॅकेज म्हणजे 'एक दिवस, चार लोकेशन, चार ड्रेस'. बीबी का मकबरा, दौलताबाद, म्हैसमाळचं पठार आणि शेवटी पैठणच्या धरणाचा जलाशय नाथसागर. कागदावर हे भरगच्च दिसतं. आमचं मत आधीच सांगतो: या रूपात घेऊ नका. त्याच पैशात दोन लोकेशन आणि दोन ड्रेस मागा. फोटो लोकेशनवर नाही, उजेडावर ठरतो आणि चांगला उजेड दिवसातून दोनदाच येतो. सूर्योदयानंतरचा दीड तास आणि सूर्यास्ताआधीचा दीड तास.

हिशोब करून बघा. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. म्हैसमाळ शहरापासून साधारण 40 किलोमीटर वायव्येला, पैठण 50 किलोमीटरच्या वर दक्षिणेला. मधे शहराची गर्दी धरली तर या दोन टोकांमधल्या प्रवासातच अडीच तास जातात. नऊवारी किंवा पैठणी नीट नेसायला, केस बदलायला 45 मिनिटं, गाऊनला 20 मिनिटं. चार वेळा कपडे बदलले की आणखी अडीच तास गेले. म्हणजे मधली दोन लोकेशन 11 ते 3 च्या उन्हातच होणार. डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली, नाकाखाली सावली, नवरदेवाच्या कपाळावर चकाकी आणि दोघांचे डोळे किलकिले. नंतर एडिटिंगमध्ये सावली उचलायला गेलं की कातडी मेणासारखी गुळगुळीत दिसायला लागते. अल्बममधले चेहरे ओळखू येत नाहीत, अशी तक्रार आली की बहुतेक वेळा मूळ कारण हे दुपारचं ऊन असतं.

आता एकेका जागेबद्दल.

बीबी का मकबरा पहिल्या नंबरवर, पण सकाळी दार उघडताच आणि रविवार सोडून. इमारतीचा दर्शनी भाग दक्षिणेकडे आहे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडूनच फिरतो, त्यामुळे सकाळी मकबऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं की उजेड उजव्या हाताने येतो, संध्याकाळी डाव्या हाताने. घुमट आणि मिनारांना एक बाजू उजळ, एक बाजू हलक्या सावलीची मिळते आणि बांधकाम भरीव दिसतं. एप्रिल ते ऑगस्टमध्ये सकाळ-संध्याकाळचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो. त्या वेळी समोरची भिंत सावलीत जाते आणि मागचं आकाश पांढरंफट येतं. त्या महिन्यांत इथे चेहऱ्याचे फोटो न काढता कमानीतून छायाकृती काढलेल्या बऱ्या.

इथे नवखा फोटोग्राफर दोन चुका करतो. पहिली, जोडप्याला चौथऱ्याजवळ उभं करून वाइड लेन्स वर उचलतो. मग मिनार आत झुकलेले दिसतात आणि माणसं ठेंगणी. जोडप्याला फवाऱ्यांच्या लांब पाटाजवळ, इमारतीपासून दूर ठेवायचं, स्वतः आणखी मागे जायचं आणि 85 किंवा 135 मिलिमीटरची, लांबचं जवळ ओढणारी लेन्स लावायची. घुमट जवळ ओढल्यासारखा मोठा दिसतो. कॅमेरा छातीच्या उंचीवर, सरळ. डोक्यातून मिनार उगवत नाही ना, तेवढं बघायचं, पाऊलभर सरकलं की काम होतं. दुसरी चूक एक्स्पोजरची, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा त्याची. दर्शनी भागातला बराचसा हिस्सा संगमरवर नसून पांढरा गिलावा आहे आणि तो उन्हात झगझगतो. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर त्या पांढऱ्याला फसतं आणि चेहरा काळवंडतो. एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वर घ्यावा लागतो, पण घुमटाचा पांढरा फाटत नाही ना, म्हणजे तपशील पुसून कोरा होत नाही ना, हे हिस्टोग्रामवर, कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर, बघत. 'नंतर एडिटिंगमध्ये करू' म्हणणाऱ्याला इथेच ओळखावं.

कपड्यांचं सांगायचं तर मकबऱ्यापुढे गडद रंग खुलतात: जांभळी, गर्द हिरवी, राणी रंगाची पैठणी. नवरदेवाने पांढरा कुर्ता घातला तर तो भिंतीत विरघळतो. लाल शालू असेल तर तो फोटोत लाल डागासारखा सपाट होतो. काठाची नक्षी दिसावी म्हणून थोडं अंडर, म्हणजे जरा कमी उजेडावर, शूट करावं लागतं. बारीक चौकड्यांचा शर्ट मात्र कुठेच नको, व्हिडिओत त्यावर लाटा धावताना दिसतात.

परवानगीचा विषय इथेच सांगून टाकतो. मकबरा, दौलताबादचा देवगिरी किल्ला, वेरूळ हे सगळं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. तिकीट काढून हातातल्या कॅमेऱ्याने फोटो काढणं वेगळं आणि ट्रायपॉड, लाइट स्टँड, सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) घेऊन आत शिरणं वेगळं. दुसऱ्यासाठी आधी कार्यालयाची परवानगी लागते. 'आमची ओळख आहे, बघून घेऊ' हे उत्तर स्वीकारू नका. नवरी तयार होऊन दारात उभी आणि रखवालदार लाइट आत नेऊ देत नाही, असा खोळंबा झाला की सकाळचा उजेड गेलाच. परवानगीचा कागद तरी मागा, नाहीतर लाइटशिवाय, फक्त हातातल्या कॅमेऱ्यावर काम होईल असं आधीच ठरवा. खरं म्हणजे सकाळच्या उन्हात लाइटची गरजही फारशी पडत नाही.

वेरूळला मंगळवारी सुट्टी असते, हे लक्षात ठेवा. कैलास लेण्याचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे उजेड दुपारनंतरचा. पण गर्दी आणि सुरक्षारक्षकांची नजर पाहता तिथे जोडप्याचा मोकळेपणा राहत नाही. शूटसाठी आम्ही वेरूळ सुचवत नाही.

दौलताबादला किल्ला चढण्याचा मोह टाळा. चांद मिनार आणि भोवतालच्या भिंती खालच्या भागातच आहेत आणि तेवढं पुरतं. वर चढताना पायऱ्या उंच आणि घासलेल्या, साडीत धाप लागते, मेकअप घामाने फुटतो. दगड काळपट बेसाल्टचा, म्हणून इथे पिवळा, केशरी, मोतिया रंग घालावा. काळी शेरवानी भिंतीत बुडून जाते. दगड उजेड गिळतो, तेव्हा चेहऱ्याजवळ पांढरा रिफ्लेक्टर, उजेड परतवणारा पडदा, धरायला एक माणूस लागतोच.

म्हैसमाळ ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच. पठार हिरवंगार, सोनकीची पिवळी फुलं, ढग अंगावरून जातात. धुक्यात ऑटोफोकस भरकटतो आणि फोटो धुतल्यासारखा फिका येतो, म्हणून जोडप्याच्या जवळ जाऊन काढायचं आणि लेन्स सारखी पुसायची. दिवाळीनंतर तेच गवत वाळून कुसळांचं होतं. भाड्याचा नेटचा गाऊन, पाच मीटरची शेपूट आणि कुसळं! एकदा घोळ गवतावरून ओढला की ती वेचायला अर्धा तास लागतो आणि गाऊनवाला डिपॉझिटमधून कापतो तो वेगळाच. हिवाळ्यात उडता गाऊन हवाच असेल तर मोकळा खडक किंवा रस्त्याकडेची मुरमाड जागा बघा. घोळ फेकायला एक माणूस, शटरचा वेग 1/800 सेकंदापेक्षा जलद आणि फेकणारा लगेच चौकटीबाहेर पळाला पाहिजे.

नाथसागराची संध्याकाळ ही या पॅकेजमधली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे आणि चार लोकेशनच्या धावपळीत नेमकी तीच हातची जाते. पैठणच्या धरणापासून पाणी पश्चिमेकडे पसरलेलं, म्हणजे सूर्य थेट पाण्यावर मावळतो. सूर्यास्ताच्या किमान दीड तास आधी काठावर पोचलं पाहिजे. पैठणी याच उजेडात बघावी. सूर्य खाली आला की जरीचे काठ आतून पेटल्यासारखे दिसतात, पदरावरचा मोर एकेका धाग्यानिशी उठून येतो. पदर खांद्यावर दोन पिना लावून पक्का करायचा, कारण पाण्यावरचा वारा थांबत नाही. केस तोंडावर येत असतील तर नवरीला वाऱ्याकडे तोंड करून थोडं तिरपं उभं करायचं. सूर्य पाठीमागे घेऊन चेहराही दिसायला हवा असेल तर एक्स्पोजर आकाशाच्या उजेडाप्रमाणे, शटर 1/200 सेकंदापर्यंत आणि फ्लॅशवर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद. जेल नसेल तर चेहरे निळसर पांढरे आणि आकाश केशरी असा विजोड फोटो येतो. सूर्य बुडाल्यावर लगेच सामान आवरू देऊ नका, पुढची 20 मिनिटं चेहऱ्यांसाठी सगळ्यात मऊ उजेड असतो.

काठाची परिस्थिती महिन्यागणिक बदलते. पावसाळ्यानंतर पाणी वरपर्यंत असतं. उन्हाळ्याकडे ते मागे सरकतं, मधे काळ्या गाळाचा पट्टा उरतो, कुठे गाळपेराची पिकं असतात. वरून वाळलेला दिसणारा गाळ आतून ओला असतो आणि पाय घोट्यापर्यंत जातो. पीक असेल तर मालकाला विचारल्याशिवाय आत जाऊ नये. धरणाच्या भिंतीवर शूट नाही, ती सुरक्षेची जागा आहे. आणि हा परिसर पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात, तेव्हा ड्रोन आणि रंगीत धुराच्या नळकांड्या इथे नकोतच. वाळल्या गवताजवळ तो धूर कुठेही पेटवू देऊ नका, आग लागायला वेळ लागत नाही.

शहरातले दरवाजे, भडकल गेटसारखे, सकाळी साडेसहा ते आठमध्ये छान मिळतात. नंतर रिक्षा सुरू. पाणचक्की आणि खुलताबादचे दर्गे ही श्रद्धेची ठिकाणं आहेत, तिथे बिलगून फोटो काढू नयेत. समृद्धी महामार्गावर गाडी थांबवून काढलेले फोटो दाखवणारा फोटोग्राफर सरळ नाकारा.

ड्रोनसाठी दोनच प्रश्न विचारा. वजन 250 ग्रॅमच्या वर असेल तर चालवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र आहे का? आणि जागा डिजिटल स्काय या ड्रोन उड्डाणाच्या सरकारी नकाशावर कोणत्या झोनमध्ये येते? चिकलठाणा विमानतळामुळे शहराचा मोठा भाग मोकळ्या उड्डाणाचा नाही.

टीममध्ये एक बाई असणं हा आमच्या लेखी लेन्सपेक्षा मोठा मुद्दा आहे. पदर बसवणं, निऱ्या सावरणं, पिन लावणं हे परक्या पुरुषाने करू नये आणि संकोचलेली नवरी फोटोत लगेच कळते. स्मारकांत कपडे बदलायला जागा नसते, तेव्हा पडद्यांची गाडी किंवा उघडमिटीचा तंबू पॅकेजमध्ये आहे का ते विचारा. सोबत बहीण किंवा वहिनी असू द्या. पहिली 20 मिनिटं दोघांना फक्त चालत बोलू द्यावं आणि लांबच्या लेन्सने टिपावं. लगेच कपाळाला कपाळ लावायला सांगणारा फोटोग्राफर जोडीला ताठ करून ठेवतो.

व्हिडिओ मंगल कार्यालयातल्या एलईडी स्क्रीनवर लावायचा की रील करायची, हे आधी सांगा. फक्त उभं शूट केलं तर मोठ्या स्क्रीनवर दोन्हीकडे काळे पट्टे येतात. सिनेमाचं गाणं लावलेला व्हिडिओ यूट्यूबवर टाकला की कॉपीराइटचा दावा येऊ शकतो, म्हणून परवान्याच्या संगीतावरची एक प्रत वेगळी मागावी.

अल्बम 12 बाय 36 इंचांचा असेल तर 24 मेगापिक्सेलचा फोटो अर्ध्या भागावर, म्हणजे 18 इंचांवर, उत्तम येतो. पूर्ण 36 इंचांवर ताणला की प्रत्येक इंचाला 170 पेक्षा कमी पिक्सेल उरतात आणि तोच फोटो आणखी कापलेला असेल तर तो मऊ, अस्पष्ट दिसतो. पूर्ण पानासाठी न कापलेलेच फोटो निवडा आणि दोघांचे चेहरे मधल्या घडीवर येऊ देऊ नका. निवड व्हॉट्सअ‍ॅपवरच्या प्रतींवरून केली तरी छपाईला मूळ फाइल गेली पाहिजे.

बयाणा देण्याआधी लिहून घ्यायच्या गोष्टी: एडिट केलेले फोटो किती, मूळ फाइल मिळणार का, अल्बमची पानं किती, तारीख कोणती, प्रवास आणि तिकिटं कोणाकडे, शूट स्वतः दाखवलेला फोटोग्राफर करणार की दुसरा कोणी, आणि पाऊस आला तर पुढची तारीख विनाशुल्क का. कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठतात का, हेही विचारा. एक कार्ड बिघडलं तरी दुसऱ्यावर सगळं राहतं. शूटच्या दिवशी संध्याकाळी निघण्याआधी दोन्ही कार्डं लॅपटॉपवर उतरवून दाखवायला सांगा, 15-20 मिनिटांचं काम आहे.